गोंगाटांतून स्वर निवडणारा संशोधक



भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांत आंबागड नांवाचा एक डोंगरी किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजाखान पठाण नांवाच्या सरदारानें इ. स. १७०० च्या सुमारास तो बांधला, व पुढें तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यांत गेला. भोसल्यांच्या काळीं या किल्ल्याचा बंदीखान्यासारखा उपयोग होत असे, आणि तेथील विहिरीचें सांचलेलें, कुजकें पाणी पिण्यास लावून कैद्यांचा अंत केला जाई, अशी हकीकत सांगतात. ती ऐकून मनांत येतें कीं, त्या अभागी जीवांजवळ पाणी गाळण्यास एखादें फडकें असतें, तर त्याचा तरी उपयोग झाला असता काय? गाळ असेल तर तो फडक्यावर अडकतो. परंतु पाण्यांत विरघळलेलें विष पाण्याबरोबरच खालीं उतरतें.

नभोवाणी ऐकणारांस असाच अनुभव येतो. पावसाळ्याच्या रात्रीं एखाद्या घरीं गाणें रंगांत आलेलें असतें. इतक्यांत दूर कोठें वीज चमकते, शेजारच्या शेतांतील पंपाच्या तारेवर ठिणगी उडते, आणि गाण्यावर खरखरीचा लोट येतो. गाणें लहरींवर बसून येतें आणि खरखरहि लहरींवरच बसून येते; दोन्ही एकाच तारेनें यंत्रांत शिरतात. मग त्यांना वेगळें करणारी गाळणी विणावी तरी कशी?

ज्यांनीं आपलें सारें आयुष्य या प्रश्नाच्या सहवासांत वेचलें, त्यांत प्राध्यापक गोविंद स्वरूप यांचें नांव महाराष्ट्रानें विशेष आदरानें घ्यावें असें आहे. आजच्या उत्तर प्रदेशांतील ठाकुरद्वारा या गांवीं १९२९ सालीं त्यांचा जन्म झाला. परंतु त्यांची कर्मभूमि प्रथम कल्याण आणि अखेर पुणें व जुन्नर ही होय. १९५० सालीं अलाहाबाद विद्यापीठाची एम. एस्सी. पदवी घेऊन ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत दाखल झाले, व तेथून १९५३ सालीं ऑस्ट्रेलियास गेले. आकाशांतील ज्योति प्रकाशाप्रमाणें रेडिओ-लहरीहि पाठवितात, हा शोध त्या वेळीं नवा होता. सिडनीजवळ पॉट्स हिल येथें सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या एका ओळींत मांडून सूर्याच्या लहरी टिपीत असत.

अशा मांडणींत एक मोठी अडचण असते. सर्व तबकड्यांनीं टिपलेल्या लहरी मध्यवर्ती घरांत एकाच तालांत पोंचल्या पाहिजेत. एखादी तार थोडी लांब असली, किंवा उन्हानें ताणली गेली, कीं तिच्यावरून येणारी लहर मागें पडते, आणि भजनांत एक टाळकरी चुकला म्हणजे जसा सारा रंग बिघडतो तसें होतें. प्रत्येक तबकडीपाशीं जाऊन हा ताल जुळविणें हें अत्यंत कष्टाचें काम होतें, आणि तरुण स्वरूप यांनीं तें स्वतःच्या हातांनीं केलें.

पुढें १९५७ सालीं ते अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक ब्रेसवेल यांच्या हाताखालीं डॉक्टरेटसाठीं गेले. तेथेंहि ३२ तबकड्यांची दुर्बीण उभी राहत होती, व तोच त्रास पुढें होता. स्वरूप यांनीं यांग या सहकाऱ्यासह एक साधी पण मार्मिक युक्ति काढली. मध्यवर्ती घरांतून एक लहर तबकडीकडे पाठवावयाची. ती तेथून त्याच वाटेनें परत येते. जाण्यायेण्यांत तिचा ताल किती मागें पडला तें मोजलें कीं त्या तारेचा दोष घरीं बसल्या कळतो, आणि तेवढी दुरुस्ती करतां येते. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेली ही रीति पुढें अनेक देशांतील रेडिओ दुर्बिणींनीं स्वीकारली.

योगायोग असा कीं, याच सुमारास, १९५९ सालीं, बर्नार्ड विड्रो नांवाचे तरुण अध्यापक स्टॅनफर्डला आले, व टेड हॉफ या विद्यार्थ्यासह त्यांनीं स्वतः शिकणाऱ्या गाळणीचा नियम शोधून काढला. गाळणीचे कांटे प्रथम कसेहि लावावे. बाहेर पडलेलें उत्तर अपेक्षित उत्तराशीं ताडून पाहावें. जी चूक उरेल तिच्या मानानें प्रत्येक कांटा किंचित् फिरवावा, आणि पुन्हा ताडून पाहावें. गृहिणी आमटींत मीठ एकदम ओतीत नाहीं. चिमूटभर घालते, चव घेते, आणि पुन्हा घालते. त्यांतलाच हा प्रकार. दूरध्वनींतील प्रतिध्वनि पुसणारीं आणि मातेच्या हृदयाच्या ठोक्यांतून गर्भस्थ बालकाचे ठोके वेगळे काढणारीं यंत्रें याच तत्त्वावर पुढें तयार झालीं. स्वरूप यांची युक्ति आणि विड्रो यांचा नियम हीं दोन वेगळीं कामें होत. परंतु चूक लपवावयाची नाहीं, ती मोजावयाची व तिच्याकडूनच दुरुस्ती शिकावयाची, हें बीज दोहोंत एकच आहे.

परदेशांत उत्तम स्थान मिळालें असतांहि स्वरूप यांचें मन मायदेशाकडे लागलें होतें. १९६१ सालीं त्यांनीं व त्यांच्या तीन भारतीय सहकाऱ्यांनीं डॉ. होमी भाभा यांना आपली इच्छा कळविली. भाभांनीं तारेनें होकार दिला, आणि १९६३ सालीं स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रुजू झाले. पॉट्स हिलच्या त्या जुन्या तबकड्या त्यांनीं पूर्वींच भारतासाठीं मागून ठेविल्या होत्या. १९६५ सालीं त्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या, व भारताची पहिली रेडिओ दुर्बीण सूर्याकडे कान लावून बसली. दुसऱ्यानें टाकून दिलेल्या साहित्यावर एका देशाचें शास्त्र उभें राहिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

यानंतर १९७० सालीं उटकमंड येथें ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण त्यांनीं उभारली. त्या स्थळाचा अक्षांश सुमारें ११ अंश. म्हणून तितकाच उतार असलेली टेकडी त्यांनीं शोधली. त्यामुळें दुर्बिणीचा लांब आंस पृथ्वीच्या आंसाशीं समांतर राहिला, आणि त्या एका आंसाभोंवतीं फिरवून आकाशांतील ज्योतीचा तासन्‌तास पाठलाग करतां येऊं लागला.

सर्वांत मोठें कार्य मात्र महाराष्ट्रांत व्हावयाचें होतें. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यांतील खोडद गांवाजवळ, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटर-तरंग दुर्बीण नव्वदीच्या दशकांत उभी राहिली, व २००१ सालीं ती राष्ट्रास अर्पण झाली. तबकड्यांस भरीव पत्रा न वापरतां पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून बसविली, त्यामुळें वजन व खर्च दोन्ही पुष्कळ उतरले. चौदा तबकड्या मध्यभागीं आणि सोळा तीन दिशांनीं पसरलेल्या. टोकांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर.

जागा निवडतांना डोंगरांचा आडोसा व रेडिओ-गोंगाटाचा अभाव पाहिला होता. परंतु गांव कांहीं स्थिर राहत नाहीं. शेतांत विजेचे पंप आले, तारा आल्या, मनोरे आले. चंद्रावर एखादा मोबाइल फोन सुरू करून ठेवला, तर त्याच्या लहरींपट्टींत तो आकाशांतील बहुतेक ज्योतींहून प्रखर दिसेल, इतकें या दुर्बिणीचें काम नाजूक! मग जवळच्या तारेवरील ठिणगीची काय कथा? पुणें-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणींतहि हा प्रश्न आडवा आला. रेल्वेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची अपेक्षा रास्त, आणि शास्त्रज्ञाची शांततेची मागणीहि रास्त. कांद्याला पाणी देणाऱ्या मनुष्यास, दूरच्या दीर्घिकेसाठीं तूं अंधारांत राहा, असें कोणत्या तोंडानें सांगावें?

रेल्वेचा प्रश्न यंत्रानें सुटणारा नाहीं; परंतु ठिणगीवर स्वरूप यांच्या मागून आलेल्या अभियंत्यांनीं उपाय योजला. तारांवरील सैल जोड हुडकणें हा त्याचा एक भाग. दुसरा भाग गाळणीचा. ठिणगीची लहर क्षणभराची पण फार उंच असते. ती ओळखण्यास नेहमीची उंची ठाऊक पाहिजे. ती सरासरीनें काढूं नये. कारण गांवांत एक लक्षाधीश येऊन राहिला तर सरासरी संपत्ति एकदम वाढते, मात्र ओळींत मधोमध उभ्या असलेल्या मनुष्याची संपत्ति तेवढीच राहते. म्हणून आलेल्या लहरींतील मधलें मूल्य यंत्र क्षणोक्षणीं स्वतःच काढतें, आणि त्याहून फारच वर उसळलेला भाग वगळतें. गोंगाट बदलला कीं मर्यादाहि बदलते. गाळणीचीं छिद्रें कायमचीं ठरलेलीं नसून समोरच्या लहरी पाहून ठरतात. म्हणूनच विरघळलेल्या खरखरीवर तिचा कांहीं इलाज चालतो.

प्राध्यापक स्वरूप यांचें ७ सप्टेंबर २०२० रोजीं पुण्यांत निधन झालें. पुढच्याच महिन्यांत त्यांच्या दुर्बिणीचें एक फळ प्रसिद्ध झालें. सुमारें ८०० कोटी वर्षांपूर्वीं दीर्घिकांतून निघालेल्या हायड्रोजन वायूच्या लहरी तिनें टिपल्या होत्या. एकेका दीर्घिकेचा स्वर इतका क्षीण कीं तो गोंगाटांत पूर्ण बुडालेला. परंतु ७,६५३ दीर्घिकांचे स्वर संशोधकांनीं एकावर एक रचले, तेव्हां गोंगाट आपापसांत जिरला आणि स्वर तेवढा वर आला.

आंबागडच्या कैद्यास पुढ्यांतलें पाणी पिण्यावांचून गत्यंतर नव्हतें. खोडदच्या माळावरील कानांसहि स्वर व खरखर एकाच ओंजळींतून घ्यावीं लागतात. परंतु त्यांतून काय ठेवावें व काय टाकावें हें ठरविण्याची विद्या आतां मनुष्याच्या हातीं आली आहे. ती आपल्या मातींत रुजावी म्हणून एका मनुष्यानें परदेशचें स्थान सोडलें, दुसऱ्यांनीं टाकलेल्या तबकड्या मागून आणल्या, आणि अर्धें शतक खपून एक पिढी तयार केली.