समुपदेशनातला उपदेश



आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितलं आहे, तो आहे ‘शाळेतलं समुपदेशन’. मी काही मानसशास्त्राचा अभ्यासक नाही. बी. ए. झालो, कविता लिहीत राहिलो आणि कवितेच्या निमित्तानं गेली पंचवीस-एक वर्षं शाळाशाळांतून मुलांना भेटत आलो. त्यामुळं माझं लक्ष आधी गेलं ते शब्दाकडं. समुपदेशन. या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे. आणि आपल्याकडं मुलांना एक वेळ दुसरं काही कमी पडेल, उपदेश कधी कमी पडत नाही. परिपाठाला उपदेश, तासाला उपदेश, घरी जेवायला बसलं की उपदेश, आणि पाहुणे आले की त्यांचा वेगळा. अशा मुलासाठी शाळेनं उपदेश करणारा आणखी एक माणूस नेमायचा, असाच या शब्दाचा अर्थ पुष्कळांनी घेतलेला दिसतो.

प्रत्यक्षात समुपदेशक आधी ऐकतो. मूल बोलेपर्यंत थांबतो. ते गप्प बसलं तर त्याला गप्प बसू देतो. ‘आमच्या वेळी’ असं म्हणून सुरुवात करत नाही, ‘त्यात काय रडायचं’ असंही म्हणत नाही. मुलाला जे वाटतंय ते त्याच्याच शब्दांत बाहेर यायला मदत करतो आणि मग पुढं काय करता येईल, ते दोघं मिळून बघतात. अडचण आवाक्याबाहेरची असेल, मूल झोपत नसेल, खात नसेल, जगणं नकोसं झालंय असं म्हणत असेल, तर तो त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतो. औषध देणं हे त्याचं काम नव्हे. ऐकायला हे सगळं साधं वाटतं, पण सोपं नाही. त्यासाठी शिक्षण लागतं आणि सरावही लागतो.

याची गरज केवढी आहे? ‘एनसीईआरटी’नं २०२२ च्या जानेवारी ते मार्च या काळात देशभरातल्या सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतल्या ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या काळजीची कारणं सांगितली. हे आपण ऐकून असतो. मला त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो, असं २८ टक्के मुलांनी सांगितलं. गणितातली शंका विचारायला ज्या मुलाची जीभ अडखळते, ते मनातली शंका कुणाला विचारणार?

तिसरा आकडा सांगताना जड जातं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात शाळेतले आहेत, महाविद्यालयातलेही आहेत. सगळ्यांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले आहेत. अशा वेळी आपण चटकन एक कारण शोधतो. निकाल लागला, मार्क कमी पडले, संपलं. पण जाणकार सांगतात की कारण असं एकटं कधी नसतं. घरातली भांडणं, डोक्यावरचं कर्ज, मार, अपमान, आजार, एकटेपणा असं पुष्कळ काही आत साठत आलेलं असतं. निकाल हे फार तर शेवटचं निमित्त. साठत होतं त्या दिवसांत त्या मुलाचं कुणी ऐकलं का, हा खरा प्रश्न आहे.

आता थोडं शब्दांबद्दल बोलू द्या, कारण त्यातलं मला थोडंफार कळतं. हल्ली कुठल्याही शाळेत जा, मुलं एकच शब्द वापरतात, ‘टेन्शन’. भीती वाटली तरी टेन्शन, लाज वाटली तरी टेन्शन, राग आला, वाईट वाटलं, कुणाची आठवण आली, सगळ्याला टेन्शन. पाच-सहा वेगवेगळी दुखणी एकाच शब्दाच्या गोधडीखाली झोपलेली असतात. लहान मुलांकडं तर तेवढाही शब्द नसतो. ती म्हणतात, ‘पोटात दुखतंय.’ शाळेची वेळ झाली की रोज पोटात दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं असेल तर आई-वडील म्हणतात, ‘सोंग करतोय.’ ते दुखणं खरं असू शकतं. मनातलं सांगता आलं नाही की शरीर बोलतं, हे डॉक्टर मंडळींना चांगलं ठाऊक आहे. दुखण्याला नेमका शब्द सापडणं ही बरं होण्याची सुरुवात असते.

हा शब्द बहुतेक वेळा घरच्या भाषेत सापडतो. आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि शाळेत मराठी. आमच्याकडची एखादी मुलगी म्हणेल, ‘जी नै लगता.’ मराठीत त्याला ‘करमत नाही’ म्हणतात. दोन्ही शब्द सुंदर आहेत आणि दोन्हींत एक हुरहुर आहे. पण वर्गात ते बोलायची तिला चोरी वाटते, मुलं हसतील म्हणून. भिल्ली, गोंडी, गोरमाटी, पारधी बोलणाऱ्या मुलांची हीच गोष्ट. आश्रमशाळेत सहा-सात वर्षांचं पोर आईला सोडून येतं, ते रात्री कुठल्या भाषेत रडत असेल? म्हणून समुपदेशक नेमताना पदवी पाहा, जरूर पाहा. पण त्या भागातली बोली त्याला कळते का, तेही पाहा.

आणि एक शब्द आपण मुलांना देतो, ‘ढ’. हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून फारसं बदललं नाही, म्हणून न शिकणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणू लागले असं सांगतात. गंमत म्हणून ठीक आहे. पण ज्याच्या कपाळावर ते अक्षर लागतं त्याला गंमत वाटत नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं शाळेत मारण्याला बंदी केली, तशीच मानसिक छळालाही केली. छडी पुष्कळ ठिकाणी गेली. शब्दांची छडी मात्र अजून फळ्यामागंच ठेवलेली आहे.

एक अनुभव सांगतो. एका शाळेत नववीच्या वर्गात मी मुलांना पावसावर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. बहुतेकांनी ढग, मोर, इंद्रधनुष्य असं लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलानं लिहिलं होतं की पाऊस लागला की वडलांना काम मिळत नाही, ते घरीच असतात, आणि ते घरी असले की आई बोलत नाही. यमक नव्हतं, शुद्धलेखन यथातथाच. वर्गशिक्षकांनी पान पाहिलं आणि म्हणाले, ‘विषय सोडून लिहिलंय.’ शिक्षक चांगले होते, मुलांवर माया करणारे होते. पण त्यांच्यापुढं साठ वह्या होत्या, निवडणुकीच्या याद्यांचं काम होतं, पोषण आहाराची नोंद होती, आणि त्या पानाचं पुढं काय करायचं हे त्यांना कधी कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या पानावर लाल गोल काढण्यापलीकडं काही करू शकेल असा माणूस त्या शाळेत नव्हता. मी संध्याकाळच्या एसटीनं निघून येणारा पाहुणा.

अशी पानं महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. बीडकडचे आई-बाप दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. पोरं आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, नाहीतर शाळा सोडून फडावर जातात. विदर्भात, मराठवाड्यात वर्गात असं एखादं मूल असतं, ज्याच्या वडलांनी कर्जापायी जीव दिलेला असतो, आणि त्याला वर्गासमोर विचारलं जातं, ‘वडलांची सही का आणली नाहीस?’ शहरातल्या मोठ्या शाळेत दुःख वेगळ्या कपड्यांत असतं. तिथं मुलाला सगळं मिळतं, फक्त नापास होण्याची मुभा मिळत नाही.

मूल बोलतं कुणापाशी? माझा अनुभव असा की जो मार्क देत नाही, शिक्षा करत नाही आणि ऐकलेलं दुसऱ्याला सांगत नाही, त्याच्यापाशी. शिक्षकांनी कितीही माया केली तरी प्रगतिपुस्तक त्यांच्या हातात असतं. म्हणून हा माणूस वेगळा हवा. त्याची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून, काचेच्या दाराची असेल, तर कुणी फिरकणार नाही. ‘थांब, तुला समुपदेशकांकडंच पाठवतो’ असा दम भरला जात असेल, तर ती खोली शिक्षेची झाली. तिथं बोललेलं दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पोचलं, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. या गुप्ततेलाही मर्यादा आहे. मुलाच्या जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याप्रमाणं कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला आधीच, सोप्या शब्दांत सांगितलेली असावी. विश्वास त्यानं कमी होत नाही.

श्रोतेहो, हे सारं नवं आहे असं समजू नका. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगानं १९६६ मध्ये अहवाल दिला. त्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. प्रत्येक शाळेत समुपदेशक देणं परवडणार नसेल तर दहा माध्यमिक शाळांमागं एक फिरता समुपदेशक द्या, असं त्या आयोगानं सुचवलं होतं. त्याला साठ वर्षं होत आली. मधल्या काळात आपण हळहळलो पुष्कळ. २०१० च्या जानेवारीत मुंबईत आणि इतरत्र विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ आल्या, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. चर्चा झाल्या, लेख आले. पुढं परीक्षा झाल्या, निकाल लागले, चर्चाही संपल्या. काही चांगलं घडलं नाही असंही नाही. २०१५ पासून दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा लगेच पावसाळ्यात होऊ लागली आणि मुलांचं वर्ष वाचलं. परीक्षेच्या दिवसांत मंडळ समुपदेशकांचे फोन क्रमांकही जाहीर करतं. पण मुलाचं मन काही फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये दुखत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या बाबतीत महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. न्यायालयानं देशातल्या शाळा, महाविद्यालयं, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहांसाठी पंधरा सूचना दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरवल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा. मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये.

आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत शंभर मुलं नसतात. त्यांनी बाहेरचा तज्ज्ञ आणायचा कुठून? मला वाटतं, उत्तर कोठारी आयोगाच्या कागदातच आहे. प्राथमिक शाळांची केंद्रं आपल्याकडं आहेतच. दहा-बारा शाळा आणि एक केंद्रप्रमुख, अशी घडी बसलेली आहे. त्या प्रत्येक केंद्राला एक समुपदेशक द्या. आठवड्यातला त्याचा वार ठरलेला असू द्या. ‘आपल्याकडं मंगळवारी ताई येतात’ एवढं मुलांना ठाऊक असलं तरी पुष्कळ होईल. पैसा लागेल, पण त्यासाठी इमारत बांधावी लागणार नाही. पिंपळाचा पार चालेल, फक्त आजूबाजूला कान नकोत.

तोपर्यंत पालकांनी काय करायचं? तुमच्या शाळेत व्यवस्थापन समिती असेल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळा असेल तर पालक-शिक्षक संघ असतो. पुढच्या सभेत गणवेश आणि सहलीच्या आधी हे तीन प्रश्न मांडा. आमच्या शाळेचा समुपदेशक कोण? तो कोणत्या दिवशी, कुठं बसतो? मुलानं सांगितलेलं त्याच्याजवळच राहतं का? उत्तर नसेल तर तसं इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढच्या सभेत पुन्हा विचारा.

आणि घरात एखादं मूल आज फार अबोल झालं असेल, मित्र टाळत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं काही बोलून गेलं असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा. जगणं नकोसं वाटतंय का, असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्यानं भलतंच डोक्यात येईल ही भीती खोटी आहे. उलट मुलाला वाटतं, चला, कुणाला तरी कळलं. त्याला एकटं सोडू नका आणि लवकर तज्ज्ञांना गाठा. ‘टेलिमानस’चा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. मुलांसाठीचा क्रमांक १०९८. मुलं हे भाषण ऐकत असतील तर त्यांनीही हे क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत. स्वतःसाठी, नाहीतर शेजारच्या बाकावरच्या मित्रासाठी.

माझं बोलणंही उपदेशाकडं झुकायला लागलं, तेव्हा इथंच थांबतो. 

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)