आपला माणूस आणि कामाचा माणूस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून “केवळ आपल्याच माणसांना नोकरीस ठेवू नका” असे सांगणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. ज्या मंडळाने आपल्या मुलांना आधार दिला, पहिल्या नोकरीसाठी कोणाच्या तरी नावे चिठ्ठी दिली, तेथेच हे बोलावयाचे आहे. परंतु आज आपल्यापैकी कित्येकजण चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील वसाहतींत स्वतः कारखानदार किंवा अधिकारी आहेत. काल चिठ्ठी नेणारे आज चिठ्ठी स्वीकारणारे झाले आहेत. म्हणून हा विषय मी मुद्दाम घेतला.

आपले नगर मुळापासूनच संमिश्र आहे. १६१० साली खडकी वसविणारा मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हबशी. त्याच्या बरोबरीने मराठे सरदार लढले. त्यापूर्वी देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार मुसलमान सुलतानाच्या चाकरीत राहून जनार्दनस्वामींनी पाहिला. स्वामींच्या उपासनेसाठी किल्ल्यावर दर गुरुवारी सुटी असे, अशी परंपरागत आख्यायिका आहे. त्यांचेच शिष्य पैठणचे एकनाथ महाराज. त्यांनी ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. भिन्न श्रद्धेच्या माणसांनी एकत्र काम करणे ही या भूमीला नवी गोष्ट नव्हे.

तथापि केवळ एकत्र येण्याने भेद मिटत नाहीत. मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण घ्या. विणकाम खात्यात मजुरी अधिक मिळे. परंतु तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. त्यामुळे विटाळ होईल, असे म्हणून इतर कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. मालकाविरुद्ध एक होणारे कामगार सुताच्या एका धाग्यावरून दुभंगलेले होते! त्याच बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली आपल्या नगरात महाविद्यालय उघडले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

धोट्याची ती रीत आता गेली. परंतु दार बंद ठेवण्याची वृत्ती गेली काय? “तुम्ही मूळचे कोठले? कोणापैकी?” हे दोन प्रश्न मुलाखतीत आजही विचारले जातात, आणि त्यांच्या उत्तरांवर पुष्कळ काही ठरून जाते.

येथे माझीच एक चूक सांगतो. एका कारखान्यात भरतीचे काम माझ्याकडे होते. एका विभागात मी बहुतेक माणसे एकाच तालुक्यातील, एकमेकांच्या नात्यागोत्याची घेतली. प्रारंभी काम उत्तम चाले. भांडण नाही, तक्रार नाही. मला त्याचा अभिमान वाटे. पुढे काम लवकर उरकावे म्हणून यंत्राची संरक्षक जाळी काढून ठेवण्याची सवय पडली. मुकादम भाचा आणि कामगार मामा; बोलणार कोण? बिहारहून आलेल्या एका नवख्या मुलाने धोका ओळखला होता. पण त्याला तेथे कोणी विचारीत नव्हते. एके दिवशी एका कामगाराची दोन बोटे गेली. ज्या शांततेला मी एकोपा समजत होतो, तो केवळ संकोच होता.

भिन्न ठिकाणची माणसे एकत्र आली म्हणजे कुरबुरी होणारच. त्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, रिकाम्या जागेची माहिती आयटीआयपर्यंत पोहोचवावी, सर्वांची एकच कसोटी घ्यावी आणि उमेदवाराच्या नातलगाने निवडीपासून दूर राहावे. दुसरी, धोक्याच्या सूचना मराठीबरोबर हिंदीत व चित्रांतही लावाव्यात. सूचना दिल्यावर ती ऐकणाऱ्याकडून पुन्हा वदवून घ्यावी. तिसरी, ईद, नाथषष्ठी, १४ एप्रिल, छठ यांचा विचार वर्षारंभीच करून पाळ्यांची अदलाबदल ठरवावी. ऐन वेळी मेहरबानी म्हणून रजा देऊ नये. चौथी, दहा किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती केवळ कागदावर ठेवू नये. पाचवी गोष्ट कायद्यात नाही: जेवणाच्या सुटीत एकटा कोण बसतो आणि जातीच्या वा प्रांताच्या नावाने हाक कोणाला मारली जाते, हे धन्याने स्वतः पाहावे.

मग मंडळाने आपल्या मुलांसाठी काहीच करू नये काय? अवश्य करावे. शिष्यवृत्ती द्यावी, हुन्नर शिकवावा, मुलाखतीची तयारी करून घ्यावी. चिठ्ठीही द्यावी; मात्र तीत मुलगा कोणाचा हे न लिहिता, त्याला काय येते ते लिहावे.

आपली मुले आज पुण्याला, बंगळुरूला आणि परदेशी नोकरीस जातात. तेथे तीच परकी असतात. तेथील धन्याने त्यांच्याशी जसे वागावे अशी आपण देवापाशी प्रार्थना करतो, तसे आपण येथे आपल्या दारी आलेल्या परक्या मुलाशी वागावे, एवढीच माझी विनंती आहे.