टोळीबरोबर निघालेलं औषध



साखर कारखान्यांचे पट्टे पडलेत, गाळप संपलंय, ऊसतोड टोळ्या गावी परतल्या आहेत, म्हणून त्यांच्या औषधांचा हा विषय आज वैशाखात घेतोय. दसऱ्याच्या तोंडावर बोललो असतो, तर ज्यांच्यासाठी बोलायचं ते मुकादमाकडून उचल घेऊन निघायच्या गडबडीत असते.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडून दिवाळीच्या आगेमागे गाड्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी थेट बेळगावकडे. भांडी, पीठमीठ, कोपीचं, म्हणजे झोपडीचं, साहित्य, लेकरं, सगळं गाडीत चढतं. दवाखान्याची फाईल तेवढी घरी ट्रंकेत राहते. भिजेल, फाटेल म्हणून ती जपून ठेवलेली असते. या जपण्याचंच मला फार वाईट वाटतं.

क्षयरोगाचं उदाहरण घेतो. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयाचे उपचार सहा महिन्यांचे: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गणपतीच्या सुमारास ज्याचं निदान झालं, त्याचे दोन महिने दिवाळीच्या आसपास संपतात. तोवर खोकला थांबलेला असतो, जेवण जायला लागतं, अंगात ताकद येते. नेमका तेव्हाच मुकादम दारात उभा राहतो. माणूस बरा दिसतो, त्याला स्वतःलाही बरं वाटतं. आणि उरलेले चार महिने फडात जातात. जंतू मात्र पुरते मेलेले नसतात. गोळ्या मध्येच सुटल्या की आजार उलटतो, कधी जंतू त्या औषधांना जुमानेनासे होतात, आणि त्याच कोपीत लेकरं झोपलेली असतात.

मग तिथल्या दवाखान्यात जात का नाहीत, असं शहरातले लोक विचारतात. कोयता म्हणजे जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. एक जण दवाखान्यात गेला की दोघांचं काम बसतं, वर खाड्याचा दंड लागतो. दवाखाना सकाळी उघडतो, तेव्हा ही माणसं कधीच उसात शिरलेली असतात. गाडी भरायला रात्रही होते. ऊस संपला की कोपी दुसऱ्या शिवारात. या माणसांना निष्काळजी म्हणणं मला मान्य नाही.

क्षयाच्या बाबतीत सोय आहे, ती वापरायला हवी. 2012 पासून देशभरातल्या रुग्णांची नोंद ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर होते. निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगितलं, तर नोंद दुसऱ्या जिल्ह्यात, कर्नाटकातसुद्धा, वर्ग करता येते. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात, तेही बँकेच्या खात्यात. पण कुठल्या कारखान्यावर, कुठल्या गावाजवळ जाणार हे निघताना मुकादमालाच ठाऊक असतं. म्हणून आशाताईंनी मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

रक्तदाबाची गोष्ट वेगळी. तिथे चिठ्ठीच घात करते. आम्ही डॉक्टर कंपनीचं नाव लिहितो. सांगलीकडच्या दुकानात ती कंपनी नसते, दुसऱ्या नावाची गोळी मिळते. घरून आणलेली आणि ही नवी वेगळी समजून बाई दोन्ही घेते. दोन्हीत अ‍ॅम्लोडिपिनच असतं. मग पाय सुजतात, मोळी डोक्यावर घेताना चक्कर येते. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि आजाराचं नाव हवं. एक प्रत रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत, एक फोटो जोडीदाराच्या फोनमध्ये. इन्सुलिन घेणाऱ्याने बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, सावलीला ठेवावी. उसाच्या फडात फ्रीज कुठून येणार?

आमच्याकडचा एक तोडणी कामगार मागे क्षयाच्या उरलेल्या चार महिन्यांच्या गोळ्या बरोबर घेऊन गेला होता. वजन पन्नास किलोच्या थोडं वर, म्हणजे रोज 4 गोळ्या; 112 दिवसांच्या 448. एवढ्या एकदम द्यायला मी कचरलो होतो. पाडव्यानंतर तो आला आणि पिशवी टेबलावर उलटी केली. सगळी रिकामी पाकिटं त्याने जपून आणली होती, मला दाखवायला. शेवटच्या पाकिटात मात्र 12 गोळ्या उरल्या होत्या. तीन दिवस चुकले होते. कोणते, हे त्याच्या बायकोला पाठ होतं: एकदा कोपी हलवली तेव्हा, आणि दोनदा गाडी रात्री उशिरा आली तेव्हा. त्या 12 गोळ्या कशा संपवायच्या, ते मी तिलाच समजावून सांगितलं.