थायलंडमधला निवृत्तांचा मुक्काम

निवृत्तीनंतर चियांग माई किंवा हुआ हिनला स्थायिक झालेल्या परदेशी माणसाला मुक्कामाची मुदत वाढवून घ्यायला दरवर्षी इमिग्रेशन कचेरीची पायरी चढावीच लागते. ही सोय वयाची ५० वर्षं पूर्ण केलेल्यांसाठी आहे. मुदत एका वेळी एकच वर्ष वाढते. शुल्क १,९०० बाथ.

खरी मेख बँकेच्या खात्यात आहे. थाई बँकेत ८ लाख बाथ अर्जाआधी दोन महिने जमा असावे लागतात. मंजुरीनंतरही तीन महिने त्यांना हात लावायचा नाही. त्यापुढे शिल्लक ४ लाखांच्या खाली गेली, तर पुढच्या वर्षीचा अर्ज अडतो. म्हणजे पैसे आपले, पण मर्जी सरकारची! दरमहा ६५,००० बाथ उत्पन्नाचा पुरावा दिला, तर ही ठेव लागत नाही.

हमखास विसरलं जातं ते री-एंट्री परमिट. ते न काढता देशाबाहेर गेलात, की वाढवून घेतलेली मुदत तिथेच संपते. नातवाच्या बारशाला पुण्याला यायचं असलं, तरी परमिट आधी. एका फेरीचे १,००० बाथ, अनेक फेऱ्यांचे ३,८००. शिवाय सलग ९० दिवस राहिलात, की पत्ता कळवायचा. ते ऑनलाइनही करता येतं.