झाडांचे पंचांग

झाडापाशी पंचांग नसते. तरी ते दरवर्षी वेळेवर फुलते कसे?

आपली शेवंती रात्र मोजते. दिवस लहान होऊन रात्र पुरेशी लांबली, की तिच्या पानांस ऋतू उमगतो आणि ती कळी धरते. म्हणूनच रात्री दिवे लावून माळी तिचा बहर पुढे ढकलू शकतात.

हिमाचलातील सफरचंदाचा हिशेब निराळा आहे. त्याची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच घडते आणि मग निद्रिस्त राहते. 'डेलिशस' गटातील जुन्या जातींना सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील थंडीचे १००० किंवा अधिक तास मिळाले, म्हणजे ती वसंताच्या उबेने जागी होते. हिवाळा उबदार गेला तर ही मोजणी अपुरी राहते. बहर विस्कळीत होतो, फळ कमी धरते. कुलू खोऱ्याच्या सखल भागात म्हणूनच सफरचंदाच्या जागी डाळिंब येऊ लागले आणि सफरचंदाच्या बागा उंचावर सरकल्या.

शेवंती विसंबते सूर्यावर, आणि त्याचे वेळापत्रक चुकत नाही. सफरचंद विसंबले थंडीवर. ती मात्र आता शब्द पाळीनाशी झाली आहे. बागाईतदार आणखी वर चढेल. पण डोंगरालाही माथा असतो.