कुत्र्याच्या कण्याचे दुखणे आणि जातीचे निमित्त



कामगार चळवळीतल्या माणसाने कुत्र्याच्या दुखण्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु अंधेरी, भांडुप, मुलुंड येथील कारखान्यांच्या फाटकांवर आम्ही वर्षानुवर्षे उभे राहिलो, तेव्हा रात्रपाळीचा एक गडी आम्हांला नेहमी दिसे. त्याचे नाव हजेरीपटावर नसे. तो म्हणजे राखणीचा कुत्रा. त्याला रजेचा अर्ज करता येत नाही. उठेनासा झाला की तो आळशी ठरतो. पाठीला हात लावताच गुरगुरला की चावरा ठरतो. वास्तविक असा कुत्रा पुष्कळदा आजारी असतो, आणि त्याच्या आजारांपैकी एक असा आहे की वेळीच ओळखला तर बहुधा बरा होतो. त्याचाच विचार आज करू.

कण्याच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच; परंतु लगतच्या मणक्यांच्या टोकांशी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असून तेथे रक्ताचा वेग मंदावतो. मूत्रमार्ग, हिरड्या, कातडी किंवा हृदयाच्या झडपा यांत जंतूंनी घर केले असेल, तर ते रक्तावाटे येऊन येथे ठाण मांडतात आणि गादीसह दोन्ही बाजूंचे हाड पोखरू लागतात. क्वचित गवताचे कुसळ शरीरात शिरून आत सरकत कण्यापर्यंत पोचते व सोबत जंतू नेते. डॉक्टर या रोगाला डिस्कोस्पॉन्डिलायटिस म्हणतात.

आता जातीचा प्रश्न. अमेरिकेतील ५१३ रोगी कुत्र्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ग्रेट डेन जातीला धोका विशेष आढळला. मादीपेक्षा नराला आणि तरुणापेक्षा वयस्काला अधिक. ज्याला आपण अल्सेशियन म्हणतो त्या जर्मन शेफर्डमध्ये, विशेषतः मादीत, बुरशीमुळे होणारा प्रकार आढळतो. तो फार चिवट असतो. उलट आखूड पायांच्या डॅशहुंडची गादी सरकते, तो रोग निराळा. त्यात जंतूंचा संबंध नाही. तेव्हा जात पाहून संशय घ्यावा, निकाल देऊ नये. मिश्र जातीच्या कुत्र्यालाही हा रोग होतो, आणि गल्लीतला कुत्रा कण्हतो तेव्हा तोही खराच कण्हत असतो.

या रोगात ताप असतोच असे नाही. पाठ ताठ होते, जिना चढवत नाही, वजन उतरते, पुढे मागचे पाय लटपटतात. पहिल्या दोन-चार आठवड्यांत क्ष-किरणांच्या चित्रात काहीच न दिसण्याचा संभव असतो. म्हणून एक चित्र चांगले आले तरी दुखणे राहिल्यास पुन्हा काढावे. रक्त व लघवी तपासून कोणता जंतू आहे हे शोधावे. ब्रुसेला कॅनिस हा जंतू असेल तर अधिक जपावे. तो माणसालाही बाधू शकतो. जंतू न शोधता सूज उतरवणारी स्टेरॉइडची सुई टोचली, तर दुखणे झाकते आणि जंतूंना मोकळे रान मिळते.

खरी कसोटी पुढेच आहे. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत कुत्रा शेपूट हलवू लागतो, आणि मालक म्हणतो, झाला बरा! परंतु गादीत औषध सावकाश झिरपते. सहा-आठ आठवडे, कित्येकदा महिनोन्‌महिने ते द्यावे लागते. आपल्या चाळींना हा धडा नवा नाही. मणक्याच्या क्षयाचे औषध मध्येच सोडले म्हणजे काय होते, हे येथे कित्येक घरांनी पाहिले आहे.

खर्चाची व धावपळीची अडचण आम्ही जाणतो. परळला १८८६ सालापासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. परंतु उपनगरातली रिक्षा शीव-वांद्र्याच्या पलीकडे शहरात जात नाही, आणि दुखऱ्या कण्याच्या कुत्र्याला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत उचलून ठेवणे सोपे नाही. म्हणून दुखण्याच्या आरंभीच जवळच्या पशुवैद्याकडे जावे.

आणि खर्च कोणी करावा? ज्याने राखणीला ठेवला त्याने. आजारामुळे कामास नालायक झालेल्या जनावराला कामाला लावणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये! दंडाच्या भयाने कोणी सुधारेल असे आम्हांला वाटत नाही. म्हणून हे काम आपल्यालाच करावे लागेल. फाटकावरचा कुत्रा उठेनासा झाला, तर काठी उचलण्यापूर्वी त्याची पाठ तपासून घ्या, आणि मालकाला औषधाचे पैसे मागा. ज्याला स्वतःची मागणी मांडता येत नाही, त्याची मागणी मांडण्यासाठीच संघटना असते, असे आम्ही मानतो.