मांजर मरत नाही, तरी रडू का येतं?

आजचा एपिसोड एका पुस्तकाबद्दल आहे. खरं सांगायचं तर पुस्तकापेक्षा ते वाचून रडणाऱ्या माणसांबद्दल आहे.

आधीच एक स्पॉइलर देऊन टाकते. या पुस्तकाच्या शेवटी मांजर मरत नाही. प्राण्यावरचं पुस्तक किंवा सिनेमा म्हटलं की आपला पहिला प्रश्न तोच असतो ना, शेवटी मरतो का? हे आधी बघून घेता यावं म्हणून 'डझ द डॉग डाय' नावाची अख्खी वेबसाइट आहे. तर इथे उत्तर आहे, नाही. तरीही लोक हे पुस्तक वाचून ढसाढसा रडतात. मला त्या रडण्याचंच कुतूहल आहे. कोणी मेलंच नाही, तर आपण रडतो कुणासाठी?

पुस्तकाचं नाव 'होमर्स ओडिसी'. लेखिका ग्वेन कूपर, अमेरिकन. पुस्तक आलं २००९ साली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेलं. गोष्ट सुरू होते मायामीत. जेमतेम काही आठवड्यांचं एक काळं पिल्लू. डोळ्यांना इतकं भयंकर इन्फेक्शन झालेलं की जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. एका तरुण व्हेट डॉक्टरने ते ऑपरेशन केलं आणि मग पिल्लाला घर शोधायला लागली. एकामागून एक सगळे नाही म्हणाले. ग्वेनचं तेव्हा नुकतंच ब्रेकअप झालेलं, स्वतःचं धड घर नाही, पगार बेताचा आणि आधीच दोन मांजरं. तिसरं मांजर परवडणारं नव्हतंच. तरी ती बघायला गेली, पिल्लाला हातात घेतलं आणि घरी घेऊन आली. नाव ठेवलं होमर. ग्रीक महाकवी होमर अंध होता अशी आख्यायिका आहे, म्हणून.

पुढे हा होमर काय काय करतो! उडणारी माशी नुसत्या आवाजावर, हवेत उंच उडी मारून पकडतो. यात चमत्कार काही नाही हं. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, मांजराचा ६०च्याही वर. त्यात मिशा आहेत, नाक आहे. एका रात्री ग्वेनच्या घरात एक अनोळखी माणूस शिरतो आणि एरवी सगळ्यांच्या मांडीवर जाऊन बसणारा होमर गुरगुरत त्याच्यावर धावून जातो. माणूस पळून जातो. नंतर ग्वेन न्यूयॉर्कला येते, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जवळच राहायला. ११ सप्टेंबर २००१ला ती घराबाहेर, तिन्ही मांजरं घरात आणि सगळा परिसर बंद. ती त्यांच्यापर्यंत पोचायला किती धडपडते, ते एक मोठं प्रकरण आहे.

आता रडणाऱ्यांकडे वळूया.

पहिली माझी रूममेट. चिपळूणची. ती हे पुस्तक एका शनिवारी वाचायला बसली आणि सप्टेंबरच्या त्या प्रकरणाला पोचल्यावर तिने पुस्तक उपडं ठेवलं नि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. आम्ही पीजीत राहणाऱ्या मुलींना नळ सोडण्याचा अर्थ बरोबर कळतो. अर्ध्या तासाने ती बाहेर आली आणि मला चिमीबद्दल सांगितलं. दोन वर्षं एका खोलीत राहतोय, पण हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

चिमी त्यांच्या घरची मांजरी. लहानपणी कुत्र्याने मागचा पाय चावला, तेव्हापासून लंगडायची. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पूर आला, तो तुम्हाला आठवत असेल. घरचे शेजारच्या उंच इमारतीत गेले, चिमी घाबरून माळ्यावर चढून बसली, खाली येईना. पाणी ओसरल्यावर परत आले तर घरात गुडघाभर चिखल आणि चिमी नाही. परत कधीच दिसली नाही. "लोक विचारायचे, फ्रिज गेला का, गाडी गेली का, दुकानाचं किती नुकसान झालं," ती म्हणाली. "आजूबाजूला माणसं गेली होती गं. त्यात मी मांजरीसाठी कुठे रडत बसू?"

म्हणून ती रडली नाही. आणि काही वर्षांनी दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या बाईच्या, सुखरूप सुटलेल्या मांजरांसाठी रडली.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९च्या आपल्या पुस्तकात अशा दुःखाला नाव दिलं, 'डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ'. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. जे दुःख करायची तुम्हाला समाजाकडून परवानगीच नाही, ते दुःख. कुणी भेटायला येत नाही, सुतक नाही, दहावं-बारावं नाही, सुट्टी तर विसराच. "अगं, मांजरच होतं ना!" असं म्हणून विषय संपतो. विषय संपतो, दुःख तिथेच राहतं. मग एखादं पुस्तक येतं, ज्यात एक बाई तीनशे पानं न लाजता सांगते की माझं या मांजरावर प्रेम होतं. आपल्याला वाटतं, अरे, म्हणजे चालतं हे! आपल्या डोळ्यांतलं पाणी बरेचदा त्या मांजरासाठी नसतंच. ते आपलं जुनं, राहून गेलेलं असतं.

दुसरा वाचक माझ्या टीममधला एक मुलगा. तोही रडला. पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. "यार, आंधळं मांजर इतकं करू शकतं, आणि आपण डोळे असून रडगाणं गातो!" त्याने होमरचा फोटो लॅपटॉपला वॉलपेपर लावला. सोमवारच्या स्टँडअपच्या आधी त्याकडे बघतो म्हणे.

हे रडणं खोटं नाही. पण त्यात एक गडबड आहे, आणि ती माझ्यापेक्षा स्टेला यंग हिने फार नेमकी मांडली आहे. स्टेला ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदी कलाकार, स्वतः व्हीलचेअर वापरायची. २०१४च्या तिच्या गाजलेल्या टेड भाषणात तिने सरळ सांगितलं की मी तुमची प्रेरणा नाही. मुद्दा असा, की अपंग माणूस नुसतं रोजचं जगत असतो आणि आपण त्याच्याकडे बघून स्वतःला बरं वाटून घेतो, की चला, माझं तर याच्यापेक्षा बरंय. यात त्या माणसाला काय मिळालं? काहीच नाही. तो आपल्या भिंतीवरचं पोस्टर झाला.

'बिचारा' आणि 'सुपरहिरो' हे दोन शब्द उलटे वाटतात, पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. समोर नेमकं कोण आहे ते बघायची गरजच उरत नाही.

आणि आता तिसरा वाचक. वाचक म्हणजे ऐकणारा. माझे बाबा.

बाबा एसटीत मेकॅनिक होते. डायबेटिसमुळे रेटिना खराब होत गेली आणि आठ वर्षांपूर्वी नजर पूर्ण गेली. इंग्रजी ऑडिओबुक त्यांना जमत नाही, म्हणून मी रोज रात्री फोनवर एकेक प्रकरण मराठीत सांगायचे. आधी थोडी धाकधूक होती. आंधळ्या मांजराची गोष्ट आंधळ्या माणसाला सांगायची, कसं वाटेल? तर दुसऱ्याच दिवशी तेच म्हणाले, "माझी आणि मांजराची तुलना करू नको म्हणजे झालं. तो माशा पकडतो, मला भाकरीवरची हाकलता येत नाही." आणि स्वतःच हसले.

त्यांना रडू वगैरे काही आलं नाही. त्यांना प्रश्न पडायचे. पहिला प्रश्न, "ती वस्तू जागच्या जागी ठेवते का?" आमच्याकडे आत्या येते तेव्हा प्रेमाने सगळं घर आवरते आणि मग दोन दिवस बाबांना स्वतःचा तांब्या सापडत नाही. त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी भावनिकच होता! दुसरा प्रश्न माशीच्या उडीवर. "उडी मारू देते ती त्याला? पडेल म्हणून धरत नाही?" मी सांगितलं, सुरुवातीला तिला खूप भीती वाटायची, पण हळूहळू ती त्याला त्याचं त्याचं करू देते. "मग बाई शहाणी आहे," बाबा म्हणाले.

चोराचं प्रकरण मी चांगलं रंगवून सांगितलं. मला वाटलं, आता तरी वाहवा येईल. बाबा म्हणाले, "चोराला पळवलं ते छान. पण नसतं पळवलं, पलंगाखाली लपून बसला असता, तरी तिने ठेवलाच असता ना त्याला?"

मी म्हटलं, हो, ठेवलाच असता.

"मग झालं तर."

मंडळी, या पुस्तकावर मी बरंच काही वाचलंय, पण याहून नेमकं काही सापडलं नाही. होमर शूर होता म्हणून प्रेमाला पात्र ठरला, असं नाहीच. प्रेम आधी झालं, शौर्य नंतर आलं. आलं नसतं तरी हिशेब तोच राहिला असता.

बाबा एकदाच गप्प झाले. सुरुवातीच्या प्रकरणाला, जिथे सगळे नाही म्हणतात आणि ग्वेन जाऊन पिल्लाला हातात घेते. थोड्या वेळाने म्हणाले, "नाही म्हणणाऱ्यांचंही चुकलं नाही. प्रत्येकाची अडचण असते. पण हिने आधी हातात घेतलं, मग ठरवलं. बाकीच्यांनी नुसतं ऐकून ठरवलं."

मला वाटतं, वाचकांना रडवणारी खरी जागा ही आहे. ट्रेड सेंटर नाही, चोर नाही. ज्याच्याबद्दल सगळ्यांनी नुसतं ऐकून मत बनवलं, त्याला एका माणसाने हातात घेऊन बघितलं. आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी कोणीतरी नुसतं ऐकून नाही म्हटलेलं असतं. मार्कांवरून, गावावरून, भाषेवरून, तब्येतीवरून. त्यामुळे त्या पानावर आपण ग्वेन नसतो, आपण ते पिल्लू असतो.

२०१३च्या ऑगस्टमध्ये होमर गेला. त्याला आयुष्यात कधीही न भेटलेली माणसं तेव्हा रडली. मला ते आता अजिबात विचित्र वाटत नाही.

मग या रडण्याचं करायचं काय? दोन-तीन साध्या गोष्टी सांगते.

एक. पुस्तक संपवून त्याच रात्री अपंग मांजर दत्तक घ्यायला निघू नका. चार आठवडे थांबा. तरीही वाटलं, तर आधी जाऊन भेटा, मांडीवर घ्या, स्वभाव जुळतो का बघा. दया लवकर आटते, जुळलेला स्वभाव टिकतो. आणि मांजर दिसत नसलेलं असेल, तर पाण्याची वाटी, खाणं, वाळूचा ट्रे यांच्या जागा बदलू नका. हात लावायच्या आधी आवाज द्या. खिडक्या-बाल्कनीला जाळी लावा आणि त्याला एकटं बाहेर सोडू नका. बाकी त्याचं तो बघून घेईल. बघून म्हणजे ऐकून!

दोन. घरात, शेजारी, ऑफिसात कोणी न दिसणारं, न ऐकू येणारं, व्हीलचेअरवरचं माणूस असेल, तर मदत करायच्या आधी विचारा. आणि त्यांचा तांब्या हलवू नका.

तीन. तुमच्या ओळखीत कुणाचं मांजर, कुत्रं, पोपट, गाय गेली असेल, तर "दुसरं आण" म्हणू नका. नाव विचारा. कसं होतं ते विचारा. माझ्या रूममेटने त्या शनिवारी चिमीबद्दल दोन तास सांगितलं. ती दुधाची साय कशी चोरायची, लंगडत का होईना पण जिना सगळ्यांच्या आधी कशी चढायची. मला फक्त चहा करायचा होता आणि ऐकायचं होतं.

तुमचीही अशी कोणी चिमी असेल, तर आज कुणाला तरी तिचं नाव सांगा. चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.